शारदेचं लग्न मोडलं ते गोत्रामुळं : जुन्या पुस्तकांतल्या बाया आणि आपण सीमाभागवाले

ताम्रपर्णी (धागाकर्ती)

मराठीतली पहिली कादंबरी कोणती, हे आपल्याकडच्या पोरांना तोंडपाठ असतं. 'यमुनापर्यटन', 1857, बाबा पदमनजी. ती कशावर आहे असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांची तोंडं बघतात. ती विधवांवर आहे. आणि लिहिणारा माणूस 1831 साली आपल्या बेळगावात जन्मलेला. यमुना नवऱ्याबरोबर मुलूख फिरते आणि मुक्कामाला जिथं थांबते तिथं तिच्या कानावर कुठल्या ना कुठल्या विधवेची कहाणी येते. पुढं यमुनेचाच नवरा जातो. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि दुसरं लग्न करते.

दुसरे देवल. गोविंद बल्लाळ देवल बेळगावच्या हायस्कुलात शिकले, इथंच काही काळ मास्तर होते, आणि नाटकात आले ते आपल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांमुळं. तेव्हा 'शारदा' (1899) वरही आपला थोडा हक्क आहेच.

आमच्या गावच्या साहित्य संमेलनात यंदा एक सत्र आम्हा बायकांकडं दिलंय. मी म्हटलं, इथल्या मातीशी नातं असलेली जुनी पुस्तकं घेऊ आणि त्यातल्या बाया बघू. वाचायला बसले आणि 'शारदे'त एका ठिकाणी अडकले ती अजून अडकलेलीच आहे.

पंच्याहत्तरीचा भुजंगनाथ, पैशाच्या हावेपोटी पोरगी त्याला द्यायला निघालेला कांचनभट, मध्यस्थी करणारा भद्रेश्वर दीक्षित. 'म्हातारा इतुका न । अवघें पाऊणशें वयमान' ह्या पदावर आजही टाळ्या पडतात. आपण नाटकभर म्हाताऱ्याला हसतो. पण लग्न मोडतं कशानं? वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून! मुलगी कोवळी आहे, तिला नको आहे, बापानं तिचा सौदा केलाय, ह्यातलं एकही कारण लग्न थांबवायला पुरत नाही. गोत्र वेगळं निघालं असतं तर? अक्षता पडल्याच असत्या की.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या ह्या मोठ्या लेखकांना बाईचं दुःख दिसलं, अगदी जवळून दिसलं. पण सुटका त्यांनी तिच्या हातून होऊ दिली नाही. कधी गोत्र येऊन सोडवतं, कधी मिशन, कधी एखादा सुधारक तरुण.

हे मी संमेलनाच्या बैठकीत बोलले तर एक ज्येष्ठ म्हणाले, "ताई, इथं मराठी टिकवता टिकवता आमची हाडं झिजली, आणि तुम्ही देवलांच्या चुका काढायलात?" रागानं नव्हे, कळकळीनं म्हणाले, म्हणून जास्त लागलं. सीमाभागात आपण ही पुस्तकं मराठीपणाचा दाखला म्हणून जपतो. ग्रंथदिंडीत पालखीत घालतो, त्यांच्यापुढं लेझीम खेळतो. उघडून त्यांच्याशी भांडत मात्र नाही. पुण्यात कुणी 'शारदे'वर टीका केली तर ती समीक्षा होते, आपल्याकडं केली तर घरभेदीपणा.

तुम्हाला काय वाटतं? सत्राला अजून वेळ आहे, मनमोकळं लिहा.

कुंदाप्रेमी

पहिला! चहा घेऊन बसलोय.

(पालखीतल्या पुस्तकांवर फुलं एवढी असतात की पुस्तकाचं नाव दिसत नाही, हे बाकी खरं.)

गणपत गल्ली

ताई, लेख आवडला, मत पटलं नाही.

आजचा चष्मा लावून 1899 चं नाटक बघितलं की असंच होणार. देवलांना प्रेक्षक आणायचे होते. थिएटरात बसलेले निम्मे लोक स्वतः लहान पोरींशी लग्न लावून आलेले. शारदेनं उभं राहून 'मला हा नवरा नको' म्हटलं असतं तर पडदा तिथंच पाडावा लागला असता. गोत्राची युक्ती ही नाटककाराची हुशारी आहे. धर्माच्या नावानं चाललेली गोष्ट धर्माच्याच नियमानं अडवली, आता बोला!

आणि काळ बघा. 1891 ला संमतिवयाचा कायदा झाला. वय किती वाढवलं? दहाचं बारा. तेवढ्यावर केवढा गदारोळ झाला, टिळकांसारखा माणूस विरोधात उभा राहिला. त्यानंतर आठ वर्षांत देवलांनी जरठविवाहाचं हसं करून दाखवलं. हे कमी आहे काय?

पुण्यातला बेळगावी

गणपत गल्लीशी सहमत. पुढं 1929 साली बालविवाहाविरुद्ध कायदा आला तोही ह्याच नाटकाच्या नावानं, शारदा कायदा. नाटकाचा असा परिणाम दुसरीकडं कुठं झालाय दाखवा.

काळा कोट

थांबा. शारदा कायद्याचा देवलांच्या शारदेशी काही संबंध नाही. अजमेरचे हरबिलास सारडा म्हणून सभासद होते, त्यांनी विधेयक आणलं, त्यांचं आडनाव चिकटलं. मुलीचं वय 14, मुलाचं 18. आपल्याकडं नाटक एवढं गाजलेलं की लोकांनी सारडाचं शारदा करून टाकलं. कोर्टाच्या कँटीनमध्येही हा समज ऐकलाय, त्यामुळं तुम्हाला एकट्याला दोष नाही.

आता मूळ मुद्दा. ताम्रपर्णीताई, तुम्ही 'यमुनापर्यटन'चं साल लिहिलं, 1857. त्याच्या आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता. म्हणजे यमुना दुसरं लग्न करते तेव्हा कायद्यानं तिला मुभा आहे. ही बाजू शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत ते त्या कायद्याचं दुसरं कलम : विधवेनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला. ती मेली असं समजून इस्टेट पुढच्या वारसाकडं जायची.

आता गंमत बघा. ब्राह्मण आणि काही वरच्या जाती सोडल्या तर आपल्या भागात विधवेचा पाट लागतच होता. कुणबी, धनगर आणि कितीतरी जातींत म्होतूर होतं, कन्नड बोलणाऱ्यांत उडकी. तो रात्रीचा, गुपचूप लागायचा, सवाशिणी त्याला जायच्या नाहीत, मान कमी होता हे खरं. पण लागायचा. अशा बाईला ह्या कायद्याची गरजच नव्हती. तरी मुंबई हायकोर्टानं धरलं की जातीच्या रूढीनं पाट लावलेल्या बाईचाही नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क जातो. अलाहाबाद हायकोर्टानं बरोबर उलटं धरलं. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे आमच्या बायकांना मुंबईचा निकाल. जी मोकळीक आधीपासून होती तिची किंमत जमिनीनं मोजायची.

हे दुःख कुठल्या जुन्या कादंबरीत आलंय? मला तरी सापडलं नाही. कादंबरीतली विधवा म्हणजे वाड्यातली, सोवळी. शेतातली विधवा, जिची चार एकर दिरानं खाल्ली, ती साहित्यात फार उशिरा आली. ती आमच्या पक्षकारांत मात्र माझ्या आज्याच्या वेळेपासून आहे.

कुंदाप्रेमी

वकीलसाहेब _/\_

वाचनखूण साठवली.

मलप्रभा

मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी असेन, म्हणून थोडं लांबण लावते.

धाग्यात हरिभाऊ आपटे कसे आले नाहीत? 'पण लक्षात कोण घेतो?' मी पहिल्यांदा वाचली ती खानापूरला, माहेरी, माडीवर लपून. लपून अशासाठी की घरात विधवा आत्याबाई होत्या. लाल आलवण, डोक्यावरचा पदर कधी सरकला नाही. त्यांना दिसेल अशा जागी ते पुस्तक वाचायची आम्हा पोरींना लाज वाटायची. का वाटायची ते तेव्हा कळत नव्हतं.

ती कादंबरी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात येऊ लागली. तिची नायिका यमू स्वतः सांगते, 'मी' म्हणून सांगते, आणि ते इतकं खरं उतरलंय की लिहिणारा पुरुष आहे हे विसरायला होतं. तिचा नवरा चांगला, शिकवणारा, तिला माणूस समजणारा. तो जातो आणि शंकरमामंजी तिचे केस काढवतात. ती पानं मी अजूनही सलग वाचू शकत नाही.

आता त्याच 1890 ची दुसरी गोष्ट. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा झाली आणि त्यांनी ठरवलं की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. ज्यांच्या हातात वस्तरा होता तेच नाही म्हणाले! पोटावर पाय येणार हे माहीत असून म्हणाले. पुण्याच्या वाड्यातला सुधारक हळहळत कादंबरी लिहितो, वाचणारे डोळे पुसतात, आणि तिकडं न्हावी सरळ काम बंद करतात. मला हे कळलं ते पार उतारवयात. शाळाकॉलेजात आपटे शिकवले, न्हाव्यांची सभा कुणी सांगितली नाही.

गणपत गल्ली, तुम्ही वयानं लहान असाल असं धरून सांगते, राग मानू नका. 'त्या काळी सगळे तसेच होते' हे वाक्य बायकांच्या बाबतीतच फार वापरलं जातं. त्या काळी जात्यावर बसलेली बाई म्हणतच होती :

अस्तुरी जलम नको घालू सख्याहरी
रात न् दिस परायाची ताबेदारी

तिला कुणाचा चष्मा लागला नव्हता.

गणपत गल्ली

मलप्रभाक्का, राग कसला. पण ओवी म्हणणं वेगळं आणि रंगभूमीवर तिकीट लावून दाखवणं वेगळं. मी माझ्या मतावर ठाम.

ताम्रपर्णी

चष्म्याचा मुद्दा पुन्हा आला म्हणून सविस्तर लिहिते, कारण बैठकीतही हेच ऐकलं.

1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' छापली. निमित्त सुरतेकडच्या विजयालक्ष्मीचं. तरुण विधवा, लग्नाबाहेर मूल झालं, ते मारल्याबद्दल 1881 ला तिला फाशीची शिक्षा झाली (पुढं ती कमी झाली). वर्तमानपत्रांतून 'बायका अशाच' म्हणून गळे काढले गेले. ताराबाई भडकल्या. त्यांनी विचारलं की नवऱ्याच्या जिवाला जीव, तसा बायकोच्या नाही काय? बायको मेल्यावर नवऱ्यानं लगेच बाशिंग बांधायचं आणि नवरा मेल्यावर बायकोनं मेल्यागत कोपऱ्यात बसायचं, हे कुठल्या देवानं सांगितलं? शब्द माझे आहेत, पण सूर हाच. मूळ वाचाल तर तो ह्याच्या दुप्पट तिखट आहे.

आणि आपल्या धाग्याच्या दृष्टीनं मोठी गोष्ट अशी की ताराबाई तिथं पुस्तकांवरही बोलतात. 'मुक्तमाला', 'मंजुघोषा' ही तेव्हाची लोकप्रिय पुस्तकं घेऊन त्यातल्या बाया कशा रंगवल्यात ह्याची त्या झाडाझडती घेतात. म्हणजे आज मी जे करायलेय ते एका बाईनं मराठीत 1882 सालीच करून ठेवलंय, 'शारदा' रंगभूमीवर यायच्या 17 वर्षं आधी. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली. बाकीच्यांनी एवढं गप्प बसून दाखवलं की पुस्तक विस्मरणात गेलं. 1975 साली स. गं. मालशांनी ते पुन्हा छापलं म्हणून आपल्याला मिळालं.

त्याच्याही मागं जाते. 1855, 'ज्ञानोदय'. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते. त्यात आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, पावसाथंडीत त्यांचे काय हाल होत असतील, असा विचार येतो. 'यमुनापर्यटन'च्या दोन वर्षं आधी! एका पोरीला विधवेच्या केसांपलीकडची बाई दिसत होती. तिला कुणी कादंबरीकार भेटला नाही, आणि ती स्वतः पुढं काय लिहू शकली असती ते आपल्या हातात काहीच नाही.

तेव्हा गणपतदादा, चष्मा त्या काळचाच आहे. फक्त तो कुणाच्या डोळ्यांवर होता ते बघितलं पाहिजे.

पुण्यातला बेळगावी

मुक्ता साळवेचा निबंध नेटवर आहे, लहानसा आहे, सगळ्यांनी वाचा. सत्रात घ्याच.

हुक्केरी

नमस्कार. माझं घरचं कन्नड, शिकलो मराठी शाळेत, त्यामुळं दोन्ही वाचतो. मराठी लिहिताना चुकतो, सांभाळून घ्या.

तुम्ही 1899 म्हणालात, म्हणून लिहायलोय. त्याच साली मंगळूरकडं गुलवाडी वेंकटराव यांची 'इंदिराबाई' आली. कन्नडमधली पहिली सामाजिक कादंबरी म्हणतात तिला. विषय काय? तरुण विधवा, ढोंगी साधू, शेवटी शिक्षण आणि पुनर्विवाह. एकाच साली इकडं शारदा, तिकडं इंदिरा. लेखकांची ओळख नसणार, पण त्रास एकच होता ना.

आमच्या इंदिरेचं एक मला आवडतं. ती घर सोडून स्वतः बाहेर पडते, चालत जाते, आसरा मागते. आसरा देणारा पुन्हा सुधारक पुरुषच आहे, ते सोडा. पण दार तिनं उघडलं.

आणि कुणी म्हणतंय आजचा चष्मा, तर आमचे कन्नड वचनकार देवर दासिमय्या. बसवण्णांच्याही आधीचे. ते म्हणतात, स्तन आणि वेणी आली की बाई म्हणतात, दाढी-मिशी आली की पुरुष म्हणतात, आणि ह्या दोहोंच्या मधे जो आत्मा आहे तो बाईही नाही, पुरुषही नाही. विणकर होते ते. वचनं लिहिणाऱ्या अक्कमहादेवी तर राजाचं घर सोडून निघून गेल्या, बाराव्या शतकात.

पण मी आमच्या लोकांनाही हेच विचारतो. अक्काचा फोटो घरोघरी आहे. घरातली पोरगी लग्न मोडून निघाली तर तिला कोण अक्का म्हणतंय?

भीमगड

चर्चा मराठी साहित्याची आहे. कन्नड कादंबरीचं इथं काय काम? उद्या आपल्या संमेलनात वचनं म्हणायला लावाल. आधीच मराठी शाळा हातच्या चालल्यात, मराठी पाट्या चालल्यात.

ताम्रपर्णी

काम आहे. हुक्केरी सर, लिहीत राहा.

कुंदाप्रेमी

धागा सीमाप्रश्नावर जायच्या आत कुणीतरी विषयावर या हो. त्यासाठी वेगळा धागा आहे, त्याची प्रतिसादसंख्या मोजता मोजता सर्व्हर दमलाय.

भीमगड

कुंदा खाऊन बोलणं सोपं असतं. माझा मुद्दा तुम्ही हसण्यावारी नेलात म्हणून तो खोटा ठरत नाही. ज्यांची भाषा रोज कचेरीत नाकारली जाते त्यांनी आपलीच पुस्तकं चौकात आणून फाडायची नसतात.

मलप्रभा

भीमगड, फाडायला नव्हे, वाचायला काढलीत. माझी नात बेळगावातच इंग्रजी शाळेत जाते. तिला 'शारदा' वाचून दाखवली तर तिनं पहिला प्रश्न विचारला, "आज्जी, शारदाला कुणी विचारलं का नाही?" आता मी तिला काय सांगू, गप्प बस, सीमाप्रश्न आहे? उद्या ती मराठी पुस्तक हातातच धरणार नाही, मग टिकवा मराठी.

जोगळबावी

इतके दिवस नुसती वाचत होते. आज लिहिते, कारण सगळे वाड्यातल्या बाईवर बोलताय आणि यल्लम्माचा डोंगर तुमच्या दारात आहे.

बेळगावहून सौंदत्ती सत्तर-ऐंशी किलोमीटर. मी तिकडच्या बायकांबरोबर काम करते, कामाचं नाव-गाव इथं देत नाही. क्लासिक म्हणता ना, तर आमचं सगळ्यात जुनं क्लासिक रेणुका, म्हणजेच यल्लम्मा, आहे. महाभारताच्या वनपर्वात आहे ती. पाण्यावर गेली, राजा चित्ररथ बायकांबरोबर जलक्रीडा करताना दिसला, क्षणभर मन चळलं. हातून काही घडलं नाही, फक्त मन. जमदग्नीनं मुलांना सांगितलं, हिला मारा. चौघे गप्प राहिले, त्यांना शाप मिळाला. परशुरामानं कुऱ्हाड उचलली. बाप खूश झाला, वर माग म्हणाला.

हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानं मागितलेले वर मात्र नीट वाचा. आई जिवंत व्हावी, हा एक. आणि दुसरा, आपण मारलं गेलो हे तिला आठवू नये. आज्ञाधारक मुलाचं नाव झालं, बापाचा राग शांत झाला, आणि जिचं डोकं उडालं तिच्याकडं तक्रार करायला आठवणसुद्धा ठेवली नाही. बाईवरच्या जुलमाची ह्यापेक्षा पुरी गोष्ट मला कुठल्या कादंबरीत सापडलेली नाही.

पण डोंगरावर लोक विसरलेले नाहीत. मार्गशीर्षात रांडाव पुनव असते. देवी विधवा झाली म्हणून जोगतिणी, म्हणजे देवीला सोडलेल्या बायका, चुडा फोडतात, कुंकू पुसतात. माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा हिरवा चुडा. मधले दोन महिने देवीही विधवा. जे महाभारतानं पुसलं ते ह्या बायका दरवर्षी अंगावर काढतात.

मलप्रभाक्का, तुम्ही आत्याबाईंच्या केसांचं लिहिलंत. इकडचं ऐका. लहान पोरीच्या केसात जट धरली की यल्लम्माचं बोलावणं आलं म्हणायचं आणि पोरगी सोडायची. खरं कारण तेल-पाणी नाही, विंचरणं नाही. पण जट कापली तर देवी कोपते, म्हणून कुणी कात्री लावत नाही. वाड्यातल्या बाईला केस ठेवू देत नव्हते आणि झोपडीतल्या पोरीला कापू देत नव्हते. पहिलीवर पन्नास पुस्तकं निघाली. दुसरीवर?

कायद्याचं वकीलसाहेब जास्त सांगतील. मुंबई सरकारचा देवदासी संरक्षण कायदा 1934 चा, कर्नाटकचा 1982 चा. मोती बांधणं, म्हणजे पोरगी देवीला सोडणं, उघड्यावर बंद झालं हे खरं. ज्यांना आधीच बांधले त्या म्हाताऱ्या होऊन परडी घेऊन फिरतायत, त्या अजून आहेत. त्यांच्यात बहुतेक सगळ्या दलित घरांतल्या. ब्राह्मणाची, लिंगायताची पोरगी सोडलेली मी बघितलेली नाही.

मराठीत ह्यावर जे नीट आलं ते 1985 साली, राजन गवसांची कादंबरी 'चौंडकं'. मग 1988 ला जोगत्यावरचं, म्हणजे देवीला सोडलेल्या पुरुषावरचं, 'भंडारभोग'. गवस गडहिंग्लजकडचे, म्हणजे आपल्या शेजारचे. 'यमुनापर्यटन' ते 'चौंडकं', मधे सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ गेला. पदमनजींचं बेळगाव आणि यल्लम्माचा डोंगर एकाच जिल्ह्यात, तरी.

काळा कोट

कायद्यात भर घालण्यासारखं एवढंच की 1934 च्या कायद्यानं देवाला सोडलेल्या बाईचं लग्न कायदेशीर ठरवलं. ही लहान गोष्ट नव्हती. पण लग्नाला उभा राहणारा नवरा कायदा आणून देत नाही. बाकी तुमच्या प्रतिसादापुढं मी काय लिहिणार.

गणपत गल्ली

जोगळबावीताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. परशुरामाच्या वराचं माहीत होतं, पण त्याच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

तरी एक विचारतो. 'चौंडकं'सुद्धा पुरुषानंच लिहिलंय. मग देवलांना जो नियम लावला तो गवसांना लावणार काय?

जोगळबावी

लावणार की. 'चौंडकं' वाचून माझ्या ओळखीतली एक जोगतीण म्हणाली, "बरोबर लिवलंय, पर आमी हसतोय कवा ते न्हाई लिवलं." ह्या बायका चौंडकं (त्यांचं वाद्य) वाजवत एकमेकींची जी टिंगल करतात ती ऐकली तर तुम्ही कान झाकाल. पुस्तकात त्या फक्त सोसतात.

हुक्केरी

हे वाक्य सत्रात वाचा. नाव न घेता वाचा.

निपाणकर

उशिरा आलो. साहित्यातलं फार कळत नाही. 'शारदे'चं एक सांगतो.

आमची आई विड्या वळायची, निपाणीत घरोघरी वळतात तशी. सुपात पानं आणि तंबाखू, मान खाली, हात चालू. मी शाळेतून आलो की जवळ बसून पुस्तक मोठ्यानं वाचायचो. तिला वाचता येत नव्हतं आणि हातही मोकळे नव्हते. एकदा 'शारदा' वाचली. आजूबाजूच्या दोघी-तिघी पण सूप घेऊन येऊन बसल्या.

भुजंगनाथाला त्या खूप हसल्या. गोत्राची भानगड निघाली तेव्हा आई म्हणाली, "आमच्यात गोत्र कोण बघतंय? मग आमची पोरगी कशानं सुटायची?" शेजारची मावशी म्हणाली, "पोरगीनं चार हजार विड्या वळल्या तर बाप कशाला विकतोय तिला? कमवणारी पोरगी घरातच ठेवून घेतोय." तिची स्वतःची पोरगी तशीच राहिलेली, बिनलग्नाची, कारण तिच्या मजुरीवर घर होतं.

तर देवलांच्या नाटकात लग्न लावून देणं हा जुलूम आहे, आणि आमच्या गल्लीत लग्न न लावून देणं हा. दोन्हीकडं पैशाचा हिशेब बापाकडं. हे कुठं बसतं तुमच्या चर्चेत ते तुम्ही ठरवा.

मलप्रभा

निपाणकर, तुमच्या आईला नमस्कार सांगा. असल्या तर.

निपाणकर

आहेत. सांगतो. आता विड्या सोडल्या, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या देत बसतात.

कुंदाप्रेमी

अवांतर : मालिकेतल्या सासवांवर वेगळा धागा हवा. मी मसाला पुरवतो.

भीमगड

मी अजूनही म्हणतो की हे सगळं आपल्या घरात बोलावं. पण निपाणकरांच्या आईचा प्रश्न चांगला आहे. सत्र कधी आहे?

ताम्रपर्णी

तारीख संमेलनाची पत्रिका छापली की इथं टाकते.

सत्र असं ठरवलंय. आधी मुक्ता साळवेचा निबंध, पूर्ण, आठवीतली एक मुलगी वाचेल. मग 'शारदे'तला लग्न मोडण्याचा प्रवेश, दोघी-तिघी मिळून अभिवाचन. तिथं थांबायचं आणि मंडपातल्या बायकांना विचारायचं, गोत्र वेगळं असतं तर काय केलं असतं. उत्तरं येतील तशी येऊ देत. वेळ उरला तर 'स्त्रीपुरुषतुलने'तला उतारा. रेणुकेचं मी बोलणार नाही, जोगळबावीताई येणार असतील तर त्यांनी बोलावं, नाहीतर तो भाग राहू दे. हुक्केरी सरांनी दासिमय्यांचं वचन कन्नडमध्ये म्हणावं आणि मराठीत सांगावं अशी विनंती आहे. ह्यावर समितीत वाद होणार हे धरून चाललेय.

बैठकीतल्या त्या ज्येष्ठांना सत्राचं अध्यक्ष केलंय. ते हो म्हणाले, पण एका अटीवर. शेवटी त्यांना देवलांच्या बाजूनं पंधरा मिनिटं बोलू द्यायचं.

गणपत गल्ली

मग मी येतोच. त्यांना सांगा, टाळ्या वाजवायला माणूस आहे. आणि ताई, अनुभवाचं सांगतो, सत्र जेवणाच्या आधी घ्या. जेवणानंतर घेतलंत तर पुरुष पानाच्या टपरीवर आणि बायका पातेली घासायला, मग मंडपात तुम्ही आणि माईकवालाच राहाल.

मलप्रभा

पातेली पुरुषांना घासू देत की एक दिवस. गणपत गल्ली, तुमचं नाव लिहून घेऊ काय यादीत?

गणपत गल्ली

अक्का, आधी देवलांचा निकाल लागू दे.